मनूचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे उभी राहिले तरी दुसरंच काहीतरी मागून परत यायची. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

माझी मुलगी मनू तेव्हा आठ वर्षांची. बोलत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं, मालवणात लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. नवरा मस्कतला गॅरेजात होता, त्याने आम्हाला बोलावून घेतलं. गोव्याहून विमानाने मुंबई, तिथून पुढे. मुंबईपर्यंत सोबतीला माझा धाकटा दीर बाबी — मासेमारीला जाणारा, मनूवर जीव टाकणारा.

विमानतळावर अंग तपासतात म्हणून महिनाभर घरी मी तिची तयारी करून घेतली. दाराच्या चौकटीत हात पसरून उभं करायचं, अंगावरून लाटणं फिरवायचं, तोंडाने 'पीं' करायचं. ती खदखदून हसायची. मी चांगली आई होते — तोवर तरी होते, असं म्हणू?

तिच्या मुठीत कायम बाबीच्या जाळ्याचा एक निळा तुकडा असे. तो मशीनमध्ये टाकावा लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गोव्याच्या विमानतळावर तपासणीच्या पडद्याआड गार्ड बाईने तो काढून नेला आणि मनू किंचाळली. जमिनीवर डोकं आपटू लागली, माझ्या मनगटाला चावली — रक्त आलं. बाहेर रांगेत कुणीतरी हसलं. ती बाई तुकडा घेऊन धावत परत आली, गुडघ्यांवर बसली. "रडूं नाका गो बाय, दितां तुका."

आणि मी — मी मनूचा हात धरून पिरगळला. शांत करायला नाही. दुखावं म्हणून. कोपरात कट् वाजलं, तरी सोडला नाही.

बाबी पडदा ओढून आत घुसला. मनूचा हात लोंबत होता. "वयनी, कोणी केल्यान ह्यां?"

मी बोट दाखवलं. "ह्या बायन."

त्याने तिला ढकललं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फाटली. मग जवान त्याच्यावर तुटून पडले — बुटांनी, बंदुकीच्या दस्त्यांनी. तो खालून ओरडत होता, "आमच्या चेडवाचो हात मोडल्यान!" माझं एक वाक्य पुरलं असतं. मी मनूला पोटाशी धरून रडत राहिले. ती बाई रक्ताळल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं. पण आईपुढे तिचं कोण ऐकणार?

तिची नोकरी गेली. बाबीवर खटला चालला, त्या मारात त्याचा डावा कान कायमचा गेला. अजून म्हणतो, "मनूसाठी परत तसांच करतलंय."

मनू कधीच सांगू शकणार नाही, हे मला पिरगळतानाच ठाऊक होतं.

हात वाकडाच जुळला. केस विंचरायला मी जवळ गेले, की ती तो पोटाशी घट्ट दाबते. लोक म्हणतात, त्या बाईची भीती बसली.

मी हो म्हणते.