बोटांवरचा नाच

नाच-गाण्याच्या कंपनीत त्यांना समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'दुर्बीण'. हे बाईंना ठाऊक होतं. नाव कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा संशय होता आणि तो अख्ख्या वाद्यवृंदावर होता.

पण बाईंचा संशय हवेतला नव्हता, चांगला मुरलेला होता. तरुणपणी त्या याच रंगमंचावर डोक्यावर पिसांचा डोलारा सांभाळत रांगेच्या टोकाला नाचायच्या. तापाचं सोंग करून रजा काढणं, दुसरीची लिपस्टिक लांबवणं, पाठीचा हूक तुटल्याचा कांगावा करणं, हे सगळे उद्योग त्यांनी जातीने केले होते. टोकावरून त्या मधोमध आल्या, टाळ्या घेतल्या आणि एक दिवस मालकांना त्यांच्यापेक्षा कोवळी पोरगी सापडली. बाईंची रवानगी तिकीटखिडकीत झाली. त्या एवढ्याशा भोकातून माणसं वाचता वाचता बाई मॅनेजर झाल्या, आणि मग सगळ्यांच्याच नाकी नऊ आले.

नवा खेळ शनिवारी सुरू व्हायचा होता. तालमीच्या मधल्या सुट्टीत कंपनीची मुख्य डान्सर, जिला सगळे 'पिसारा' म्हणत, चहा पीत उभी होती. तिच्या मोकळ्या हाताची दोन बोटं टेबलावर नाचत होती. त्यात नवल नव्हतं. डान्सर पायांना विश्रांती देतात तेव्हा बोटांना कामाला लावतात. दोन बोटं म्हणजे दोन पाय. पण बाईंनी नीट पाहिलं, तर हा नाच आपल्या खेळातला नव्हताच!

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. समोरच्या थिएटरवाल्यांनी हिला फोडली. ही गेली की खेळ बसला, आणि खेळ बसला की कंपनीला कुलूप.

त्या तडक कपडेपटात गेल्या. तिथे त्यांची थोरली बहीण टाके घालत होती.

"ताई, पिसाऱ्याच्या कपड्यांची मापं मागायला समोरच्या थिएटरातून कोणी आलं होतं?"

"कोणी नाही गं."

"खरं सांग."

"अगं, मी तुझी सख्खी बहीण!"

"म्हणून तर दोनदा विचारतेय."

ताई हसली. बाईंना त्या हसण्याचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी बाई पडद्याआड एका खोक्यावर दबा धरून बसल्या. पाहतात तो रांगेतल्या एकूण एक पोरीची बोटं नाचताहेत, आणि तोच परका नाच! अख्खी रांग फुटली म्हणायची. बाई पडद्यासकट बाहेर आल्या.

"कुठे निघाली गं वरात? समोरच्या थिएटरात?"

पोरी एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. शेवटी पिसारा पुढे आली. ती किंचित लंगडत होती.

"कुठेच नाही, बाई. माझा गुडघा सुजलाय. मधली उडी जमत नाही. म्हणून ह्या पोरींनी नाच बदललाय. माझ्या उडीच्या वेळी ह्या पिसांचे मोठे पंखे घेऊन माझ्यापुढून जातात."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला काढलं असतं," पिसारा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी ते जवळ जाऊन तपासलं. खरं होतं.

"नाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

पोरी नाचल्या. बाई डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या. उडी कुठे गाळली ते त्यांना माहीत होतं, तरी ती जागा सापडेना. पंखे सळसळले, पिसारा पलीकडून अशी ऐटीत निघाली, की हवेतून उतरल्यासारखीच वाटली.

"मलाच फसवता काय!" बाई गरजल्या, पण मान डोलत होती. "शनिवारी अस्संच नाचायचं. आणि तू, उद्या डॉक्टरकडे. मी बरोबर येणार. नुसतं 'जाऊन आले' मला चालत नाही."

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, मलमपट्टी केली आणि महिनाभर उड्या बंद सांगितल्या. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"महिनाच ना? नक्की? आणि डॉक्टर, एक सांगा. समोरच्या थिएटरवाले तुमच्याकडे येतात का हो?"