कीबोर्ड माझ्याकडेच राहिला

"मॅडम, इथे काय लिहू?" शुभदाने चिपळूणहून फोनवर विचारलं.

"थांब, मीच करते," मी म्हटलं आणि रत्नागिरीत बसून तिच्या स्क्रीनवर टाइप करायला लागले.

२००३चा सुमार. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी शाळांसाठी निकालपत्रकाचा प्रोग्रॅम बनवत होती. चिपळूणच्या ऑफिसात शुभदा एकटीच ट्रेनी. वय चौतीस. बालवाडीत शिकवता शिकवता कम्प्युटरचा कोर्स केलेला. घरी आजारी आई. दोन्ही ऑफिसांत दोन-दोन फोनलाइन होत्या. एकीवर इंटरनेट, त्यातून तिचा कम्प्युटर मला इथून चालवता यायचा; दुसरीवर बोलणं. रोज दोन तास आमचं पेअर प्रोग्रॅमिंग चालायचं. म्हणजे एकच स्क्रीन दोघींनी बघायची, एकीने टाइप करायचं, दुसरीने चुका दाखवायच्या, मग अदलाबदल.

अदलाबदल झालीच नाही. लाइन सारखी तुटायची, डेडलाइन डोक्यावर. दोन ओळींना ती दहा मिनिटं घ्यायची. मला तेवढा धीर नव्हता.

"कळलं ना?"

"हो, मॅडम."

शेजारी बसली असती तर चेहरा दिसला असता. फोनवर नुसतं 'हो' ऐकू यायचं.

सहा महिन्यांनी तिथल्या एका शाळेत डेमो होता. हेडमास्तर म्हणाले, "यात हजेरीचा रकाना घालून दाखवा बघू."

काम पाच मिनिटांचं. शुभदा अर्धा तास स्क्रीनसमोर बसून राहिली आणि मग उठून बाहेर गेली.

साहेबांनी मला बोलावलं. "काय शिकवलंस हिला?"

"सगळं शिकवलं, सर. तिलाच जमत नाही."

त्या महिनाअखेरीस तिची नोकरी गेली. जाताना तिने फोन केला. "तुमचं बघताना सगळं समजायचं ओ, मॅडम. पण माझे हात कधी चाललेच नाहीत. आणि परत विचारायची लाज वाटायची."

तिच्या जागी आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवसापासून टाइप करायला लावलं. काय करणार ते आधी मोठ्याने सांगायचं, मग लिहायचं. ती अडायची, मी गप्प बसायचे. तीन महिन्यांत ती एकटीने काम करू लागली.

तेव्हा मी साहेबांना खरं सांगितलं. ते शुभदाला परत घ्यायला तयार झाले. मी एसटीने तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"नको, मॅडम. आता हात लावायचीच भीती वाटते."

मी पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली.

आजही शिकवताना मी कीबोर्डला हात लावत नाही. वेळ जास्त लागतो. हे मी एका बाईची नोकरी घालवून शिकले.