साहेबानं गाळलेली वस्ती

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मुंबईत एका प्रदर्शनाला आईला सोबत नेलं होतं. तिथं कुणा इंग्रज साहेबानं काढलेलं गोदावरीचं जुनं जलरंगचित्र होतं. सायखेड्याचा घाट, संथ पाणी, घाटाखाली धुकट झाडी. सायखेडा म्हणजे आईचं माहेर. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही झाडी कुठली? इथं आमची वस्ती हाय. माझा पणजा तिथंच जन्मला."

"चित्र देखणं व्हावं म्हणून गाळली असेल."

"मग तू काढ."

पुढच्याच रविवारी निघालो. जाणार असाल तर थंडीत जा आणि नाशिकरोडहून पहिली एसटी धरा. ऊन चढलं की पाण्याचे रंग पांढरे पडतात. वाटेत द्राक्षबागा, खड्डे आणि भरपूर धूळ. सायखेड्यात उतरल्यावर कढईतली गरम भजी खाल्ली. चहा मात्र नुसताच गोड.

घाटावर मी बोर्ड मांडीवर घेतला. आई शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली. लहानपणी त्या पायरीला तिला शिवू दिलं नव्हतं. घरचे सगळे बौद्ध झाले, तरी गावाच्या लेखी पायरी तीच राहिली होती.

धोतर पिळणारे एक म्हातारे तिला ओळखून ओरडले, "ए बाई, ऊठ तिथून! तुमचं पाणी खालच्या अंगाला हाय, ठाऊक नाय का?"

माझा ब्रश थांबला. आई हलली नाही.

"ठाऊक हाय, आण्णा. लहानपणी हाकललं तवा गेले. आता नाय जायची. नदी काय तुमच्या नावावर हाय?"

ते बडबडत वर गेले आणि आणखी दोघांना घेऊन आले. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आई, मान हलवू नकोस. तुझा चेहरा काढतेय."

तिघं वरच्या पायरीवर नुसतेच उभे राहिले. खाली कुणी आलं नाही. वस्तीतली कौलं, पत्रे, निळा झेंडा, सगळं रंगवून झाल्यावरच आम्ही उठलो.

नंतर ते चित्र नाशिकच्या एका स्पर्धेला दिलं. परीक्षक म्हणाले, "हात छान आहे. ती बाई आणि झोपड्या काढून टाका, अस्सल निसर्गचित्र होईल. बक्षीस तुमचंच."

मी चित्र भिंतीवरून उतरवलं, काखेत मारलं आणि घरी आले.

आई आता नाही. एकलहऱ्याच्या आमच्या घरात ते चित्र दारासमोरच लावलंय. पाहुणे विचारतात, "कुठलं देवस्थान हो हे?"

"देवस्थान नाही," मी सांगते. "ती माझी आई. आपल्या नदीत पाय सोडून बसलीय."