कड्यावरून माणसं सोडणारे महिपतसर

कोपरीच्या महिपतना सगळे ‘सर’ म्हणतात, पण त्यांनी उभ्या जन्मात खडू हातात धरला नाही. कारखान्यात फिटर होते, आणि रविवार उजाडला की घरातून गायब! बायको म्हणायची, "यांचं लग्न माझ्याशी लागलंय की त्या दोरखंडाशी, ते एकदाचं सांगा."

नौपाड्यातल्या त्यांच्या गिर्यारोहण मंडळाची एक रीत होती. दोरावरून कुणालाही कड्याखाली सोडण्याआधी सर त्याच्या कमरेला-मांड्यांना आवळलेले, दोराला अडकवायचे पट्टे तपासणार. सरांनी "जा" म्हटलं की मग दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर तो सरांचा अपमान. खुळी रीत! पण इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, मग बोलणार कोण?

यंदा जानेवारीत शहापूरपलीकडच्या कोरड्या घळीत उतरायचं ठरलं. सरांची साठी उलटलेली. जवळचं बघायचा चष्मा त्यांनी मुद्दाम सॅकच्या तळाशी कोंबला. पोरांसमोर नाकावर चष्मा? छे!

पहिल्या कड्यावर डोंबिवलीची सान्वी पुढे आली. पहिल्यांदाच आलेली. सरांनी तिचे पट्टे चाचपले, "जा" म्हणाले. ती कडेला सरकली, तोच ऋतुराजने तिचा दंड धरला. ऋतुराज म्हणजे सरांनीच घडवलेला पोरगा, आता मंडळाचा सगळा कारभार बघणारा.

"ऋत्या, मी बघितलंय!"

"हो सर. एक मिनिट."

"अरे, दोर कशाशी खातात हे तुला माहीत नव्हतं, तेव्हापासून मी..."

ऋतुराजने नुसतं बोट दाखवलं. कमरेचा पट्टा बकलमधून उलटा फिरवून परत ओवलेलाच नव्हता. भार पडताच सुटला असता. त्याने तो ओवला, खेचून बघितला आणि तिला सोडलं. सान्वीला काही कळलं नाही, ती हसत उतरली. बाकी सगळ्यांनी बघितलं.

सगळे उतरल्यावर दोर खाली ओढून घेतला. आता मागे फिरणं नाही. दगडधोंड्यांतून सर सगळ्यांच्या मागे चालत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का मेल्याला? पण बाजूला कधी घेणार? पोरगी कड्यावर उभी होती. त्याच्या जागी ते स्वतः असते तर समोरच्याच्या कानाखाली वाजवली असती. हे कळत होतं, म्हणूनच जास्त झोंबत होतं.

दुसरा कडा आला. सान्वी थेट सरांसमोर येऊन हात वर करून उभी राहिली.

"सर, चेक करा ना."

बाकीचे उगाच बुटांच्या नाड्या बांधायला लागले. सरांनी ऋतुराजकडे पाहिलं. त्याने फक्त "बघा सर" एवढं म्हणायचं होतं. लहानपणापासून बोटाला धरून शिकवलं, त्याच्याकडून एवढंच हवं होतं. ऋतुराजने मान वर केली, सरांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तो काहीच बोलला नाही.

"त्याला दाखव, बाळा," सर म्हणाले. "मी नाही बघत आता."