घासलेली शिवराई

मी दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातली एक शिवराई चिंच आणि राख लावून घासली. एवढ्यावर थांबलो असतो, तर हौशी माणसाचा मूर्खपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण घासलेली कळू नये म्हणून मी तिला पुन्हा तेल-कुंकू फासलं आणि होती तशीच आहे असं भासवून परत केली. नाणी जमवणारा म्हणून आता चार ओळखीचे लोक माझं कौतुक करतात. ते करू लागले की मला ही शिवराईच आठवते, म्हणून तिच्याबद्दल आधी लिहितो.

एकोणीसशे तीस सालाच्या आधीची गोष्ट. किहीमच्या पलीकडे एका खेड्यात मी मास्तर होतो. बंदरावर येणाऱ्या खलाशांकडून, गावच्या वाण्याकडून, मुंबईहून सणाला आलेल्या चाकरमान्यांकडून मिळेल ते नाणं मी घ्यायचो. जंजिऱ्याचं, निजामाचं, गोव्याचं, कुठल्याशा आफ्रिकेतल्या बंदराचं, सगळं एका बिस्किटांच्या डब्यात. अलिबागला एक वयस्क वकील होते, त्यांना नाण्यांतलं कळायचं. एका रविवारी मी मोठ्या उमेदीने डबा त्यांच्यापुढे ओतला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मास्तर, ही तर देवळाची दानपेटी झाली. जो येईल तो टाकून गेलाय. यात तुमचं काय?"

मी नाणी पुन्हा डब्यात भरू लागलो.

"एक काहीतरी धरा हो. सगळ्या गावाशी सोयरीक करून संसार होत नाही."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, शिवराई धरायची. तांब्याचा तो जाड पैसा व्यवहारातून केव्हाच गेला होता, पण घरोघर एखादा तरी पडलेला असायचा. आमच्याकडे रोज मासे घेऊन येणाऱ्या कोळणीकडेही होता. ती माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, विधवा. आम्ही तिला मावशी म्हणायचो. माझ्या बायकोचं आणि तिचं फार जमायचं. पायरीवर टोपली उतरवून ती आधी चहा मागायची आणि मग भाव सांगायची.

मी शिवराया शोधतोय हे कळल्यावर ती हसली. "आमच्या देवातपन हाय एक. नाखवा म्हनायचा, महाराजांचा नाव हाय त्याच्यावर. पन दिसतंय कोनाला? नुस्ता कुंकू."

नाखवा म्हणजे तिचा नवरा. होडी त्याची स्वतःची होती. पाच वर्षांपूर्वी तो समुद्रातून परत आला नव्हता, एवढं मला ठाऊक होतं.

"मला दाखवाल? वाचून सांगतो काय लिहिलंय ते."

दुसऱ्या दिवशी तिने ती फडक्यात बांधून आणली. "बगा नि उद्या द्या. पन हाय तशीच आना हां, मास्तर."

हाय तशीच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. हरवू नका, एवढाच अर्थ मी घेतला.

नाण्यावर कुंकवाचा आणि तेलाचा बोटभर थर होता, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. तेही खोटं. थर असेल नखाएवढा. पण खालचं एकही अक्षर दिसत नव्हतं. शाळा सुटल्यावर मी मागच्या दारी बसलो, चिंच भिजवली आणि राखेने घासू लागलो. अक्षरं वर येऊ लागली, तसा मला आनंद होत गेला. 'श्री राजा शिव'. उलटीकडे 'छत्रपति'. इतकी ठसठशीत शिवराई मी तोवर पाहिली नव्हती. नव्या घागरीसारखी चकाकत होती.

बायको धुण्याची बादली घेऊन आली आणि थबकली. "अहो, ही मावशीची ना?"

"बघ, कशी स्वच्छ निघाली."

"दुसऱ्याच्या देवाला आंघोळ घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तेव्हा कुठे मी भानावर आलो. ती म्हणाली, "अशीच न्या आणि सांगा." मी ऐकलं नाही. तिच्याच करंड्यातलं कुंकू घेतलं, दिव्याचं तेल घेतलं, जरा काजळी घातली, आणि थरावर थर देऊन नाणं चुलीजवळ सुकवलं. परीक्षेला बसलेल्या मुलाइतक्या काळजीने केलं. बायकोने करंडा झाकून आत नेऊन ठेवला.

सकाळी मावशी आली. मी म्हटलं, "महाराजांचंच नाव आहे. श्री राजा शिव."

"येवढ्या कुंकवातनं वाचलात कसा?"

"उन्हात तिरकं धरलं."

"शिकलेल्याचा डोला!" ती माझ्या बायकोला म्हणाली. मग तिने ती शिवराई कपाळाला लावली आणि सहज बोलावं तसं बोलली. नारळी पुनवेला होडीची पूजा झाली की नाखवा घरी येऊन अंगठ्याने या पैशाला कुंकू लावायचा आणि मगच समुद्रात जायचा. त्याचा बापही लावायचा, आजाही. "त्या वरसाचा लावला नि गेला. शेवटचा ह्योच. त्याच्यावर मी कोनाला हात लावू दिला न्हाय. पोराला म्हटला, तू नारलाला लाव, पैशाला नको."

माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "चहा थंड होतोय, मावशी."

पुढचे दोन महिने मी डबा उघडला नाही. मग एकदा शाळेतल्या एका मुलाच्या घरी गेलो असता पाळण्यातल्या बाळाच्या करदोट्यात भोक पाडलेली शिवराई दिसली. मी पूर्वी भोकाची नाणी नासकी म्हणून परत करायचो. त्या दिवशी विचारलं, ही कोणाची? आजी सांगू लागली, ही कमरेला बांधून घरातली सात पोरं चालायला शिकली. ऐकता ऐकता मला कळलं, मला काय हवंय ते. चलनातून सुटल्यावर ज्यांनी दुसरं काम धरलं, अशी नाणी. तराजूत वजन म्हणून झिजलेलं, दाराच्या उंबऱ्याला ठोकलेलं, कुणा म्हातारीने दातदुखीवर गालाशी बांधलेलं. कोणी आपण होऊन दिलं तरच घ्यायचं, आणि त्याचा मळ काढायचा नाही. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी, कोणी दिलं आणि ते काय करत होतं याची. वकीलसाहेबांचं 'एक काहीतरी' मला असं मिळालं. पुष्कळ नाणी परक्याच्या घरीच राहिली. त्यांची नुसती चिठ्ठी माझ्याकडे.

मावशीच्या शिवराईची चिठ्ठी मात्र लिहिता येईना. तीनदा बसलो. खरं लिहिण्याचा धीर नव्हता, आणि चिठ्ठीत खोटं लिहायचं तर सगळ्याच चिठ्ठ्या खोट्या ठरल्या असत्या. दर नारळी पुनवेला मावशी आमच्याकडे नारळीभात पाठवायची. तो मी खायचो.

अशी सात वर्षं गेली. मग एकदा वकीलसाहेबांनी सगळी नाणी आणि चिठ्ठ्या मागवून घेतल्या. दुपारभर वाचत बसले. शेवटी म्हणाले, "मास्तर, आता हे तुमचं. मळ राखायचा हे आम्हा कुणाला सुचलं नव्हतं हो. तुम्हाला कसं सुचलं?"

"असंच," मी म्हणालो. म्हटल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्याचं धुऊन टाकून मी हे शिकलो होतो, आणि जिचं धुतलं तिलाच ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात गेलो. मावशी अंगणात जवळा सुकायला पसरत होती. "मास्तर! वाट चुकलाव काय? का बायकोनं घालवलान?"

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. चिंच, राख, करंडा, काजळी, सगळं. तिचे हात चालू होते, मग थांबले. ती आत गेली, शिवराई घेऊन आली आणि उन्हात धरून न्याहाळू लागली. नखाने एक कड खरवडली. खालून लखलखीत तांबं दिसलं.

"मंग ह्यो कुंकू कोनाचा?"

"माझा."

"सात वरसं मी तुमच्या अंगठ्याला हात जोडते?"

"हो," मी म्हणालो.

"आमी मासला धुतल्याबिगर खात न्हाय, नि तुमी आमचा देवपन धुतलाव! शिकलेली मानसं!" तिचा आवाज चढला, शेजारची सून डोकावून गेली. मग ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि हळू म्हणाली, "धुतलात तवाच का न्हाय बोललात? त्याचा अंगठा गेला तो गेला. पन मला रडाया तरी मिलाला असता."

मी तिच्यासमोर जवळ्याच्या कडेला जमिनीवर बसलो. "मावशी, शिवराई घासली तेव्हा मला कळत नव्हतं. कुंकू लावलं तेव्हा कळत होतं, आणि तुम्ही नाखव्याचं सांगितलंत तेव्हा तर सगळंच कळलं होतं. तरी मी तुम्हाला चहा पुढे केला. माझं चुकलं. मला माफ करा."