बार्टलाचे बूट

"टेबलावर बूट? घरात मढं आणायचंय का तुला?"

"मी नाही, बा. तुम्हीच ठेवलेत, दिव्याखाली टाके मिरवायला!"

नाब्लाने हे भांडण दाराआडून ऐकलं. पोरगा खरं बोलत होता. बूट शिवणारा तिचा नवरा मार्कस चाळीस वर्षं गावाला बजावत आला, टेबलावर बूट ठेवू नका, माणूस जातं. अन् ह्याच पोराच्या, बार्टलाच्या, लग्नाचे बूट शिवून इतका हरखला, की स्वतःच विसरला. पण कबूल करील तर मार्कस कसला!

"चालता हो," एवढंच म्हणाला.

बार्टला मासेमारीला गेला. आमच्याकडे होडीचा तळ कापडी, खिळ्यांचे बूट तिथे चालत नाहीत. म्हणून ते घरीच राहिले. संध्याकाळी रिकामी होडी तेवढी किनाऱ्याला लागली.

मेलेल्याचे कपडे, जोडे कुणीतरी तीन रविवार घालून प्रार्थनेला जायचं, तेव्हा ते त्याला तिकडे पोचतात. कोट, विजार आतेभावाने घातली. टेबलावर ठेवलेल्या त्या बुटांना मात्र कुणी शिवेना. नाब्ला दारोदार फिरली.

"मला विधवा करायला निघालीस होय गं?" शेजारीण सोर्चाने दार लावून घेतलं.

"माझं पोर तिकडे अनवाणी चालतंय हो," नाब्ला घरी येऊन कोसळली. मार्कस उठला अन् त्याने ते बूट पायांत कोंबले. त्याचा पाय दोन बोटं मोठा.

"शिवण जरा उसवा तरी."

"उसवलेले बूट पाठवू त्याला? माझ्या हातचे?"

पहिल्या रविवारी नखं गेली. दुसऱ्या रविवारी तो लंगडत परतताना सोर्चा कुंपणावरून ओरडली, "मार्कस, पाय आहेत की बटाट्याची पोती? काढा ते!"

"तुझ्या पायाच्या मापाला दोन फिती लागतात, सोर्चा. तू नको बोलू."

त्या आठवड्यात डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडला, अंग तापाने फणफणलं. तिसऱ्या रविवारी नाब्ला बूट पोटाशी धरून बसली.

"पुरे झालं. आता तुम्हीही जाल. मी कुणाकडे बघू?"

"दोन रविवारांत फार तर एक बूट पोचेल, नाब्ला." मग खाली बघत म्हणाला, "टेबलावर मीच ठेवले होते."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. मग तिनेच बूट त्याच्या पायांत चढवून नाड्या बांधल्या.

मार्कसची ही शेवटची फेरी. आठवडाभरात दुरुस्त केलेले जोडे त्याने दर रविवारसारखे खांद्यावर टाकले. सोर्चाचे तिच्या दाराच्या कडीला अडकवले, नवे तळवे बाहेरच्या बाजूला, दिसावेत असे. एकदा दार वाजवलं, अन् प्रार्थनेला जायला चढ चढू लागला.