देवळीहून दुसऱ्या सूर्याकडे

वाचक मंडळात पुस्तकं संपतात, किस्से उरतात. आमच्या देवळीच्या मंडळाला तर एकाच पुस्तकानं इतके किस्से दिले, की त्यात काय होतं असं कोणी विचारलं तर मला आधी हेच आठवतात.

पुस्तक म्हणजे जाडजूड विज्ञान कादंबरी. एक भलंमोठं यान दुसऱ्या सूर्याकडे निघालेलं, प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. मी ते सुचवलं, तर पहिली हरकत आली वजनाची. शाळेत मराठी शिकवणाऱ्या कुंदाताईंनी ते हातात तोलून पाहिलं. म्हणाल्या, "वाचाले हरकत नाई, पण झोपून वाचता येत नाई. नाकावर पडलं तर?"

*

भोयर सर फिजिक्सचे. यानाचा वेग चुकलाय, हे त्यांनी पहिल्याच प्रकरणात सिद्ध केलं आणि चुकीचं विज्ञान आपण वाचत नाही म्हणून पुस्तक मला परत दिलं. पुढच्या आठवड्यात ते वर्ध्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर दिसले. हातात तीच कादंबरी, नवी कोरी विकत घेतलेली, वर पेपरचं कव्हर. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "चुका तपासतो आहे." वर्धा आलं, बस रिकामी झाली, सर तपासतच होते.

*

डंभारे साहेब महसूल खात्यातून रिटायर झालेले. वेगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं, त्या नव्या ग्रहाचा सातबारा कोणाच्या नावानं आहे? मोजणी न करता माणसं उतरतातच कशी? आम्ही पोट धरून हसलो. पुढे तिसऱ्या भागात त्या ग्रहावरची पहिली लढाई शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनच पेटली. त्या रविवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले.

*

मग आम्ही नागपूरहून एक समीक्षक बोलावले. विषय ठेवला, 'महाकादंबरी वाचनीय कशानं होते?' ते बराच वेळ अवकाशाच्या अवकाशपणावर बोलले. शेवटी कुंदाताईंनी विचारलं, यानातल्या लोकांनी परत न फिरायचं ठरवलं, ते तुम्हाला पटलं का? पाहुणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "यान हे प्रतीक आहे."

कुंदाताई माझ्या कानात म्हणाल्या, "असू द्या प्रतीक. पण हे त्याच्यात बसलेच नाईत."

*

कुंदाताईंचे मिस्टर बाबाराव शेती पाहतात. ताईंना स्कूटरवरून आणून सोडायचे आणि व्हरांड्यात बसून राहायचे. मुलगी त्यांच्या मनाविरुद्ध जर्मनीला नोकरीला गेली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिचा फोन आला की उठून अंगणात जायचे. व्हरांड्यात वेळ जाईना म्हणून एकदा त्यांनी कादंबरी उघडली आणि मग दर रविवारी थोडी थोडी वाचू लागले.

तिच्यात एक प्रकरण आहे. यानातली मुलगी पृथ्वीवरच्या बापाला निरोप पाठवते. बापाचं उत्तर येतं, तेव्हा ती म्हातारी झालेली असते.

त्या दुपारी आत आमचा वाद रंगला होता. बाबारावांनी पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं, मोबाइल काढला आणि नंबर लावला. स्पीकर चुकून चालू राहिला असावा, कारण पलीकडचा घाबरलेला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"



"सारे बरे हायेत," बाबाराव म्हणाले. "काई नाई. आवाज किती वेळात पोचते, ते पाहून राह्यलो."